तळटीप : ‘भाडं धरायचं नाही’

१. डेन्व्हरच्या हिशेबनिसाचा हा वैताग अमेरिकी प्राप्तिकर कायद्याच्या कलम २८०-ई वर आहे. मिनीॲपोलिसच्या एका अमली पदार्थ विक्रेत्याला १९८१ साली कर न्यायालयाने वजनकाटा, टेलिफोन, गाडी असे धंद्याचे खर्च चक्क वजा करू दिले. संसदेला ते झोंबले आणि पुढच्याच वर्षी हे कलम आले : केंद्राच्या अमली पदार्थ कायद्याच्या पहिल्या-दुसऱ्या परिशिष्टातल्या पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला खर्चाची वजावट नाही. कोलोरॅडोचा रीतसर परवाना भिंतीवर टांगलेला असला, तरी प्रकरणातल्या काळी (२०१९) केंद्राच्या लेखी गांजा पहिल्या परिशिष्टातच होता. दुकानदार आयताच सापडला. सुटे तो फक्त विकलेल्या मालाचा खर्च. समजा, विक्री १० लाख डॉलर, माल ६ लाखांचा, भाडे-पगार ३ लाख. हाती उरला १ लाख. २१ टक्के कर मात्र ४ लाखांवर, म्हणजे ८४ हजार. शेत आणि दुकान दोन्ही असलेल्या अशिलाच्या वहीत हिशेबनीस पाला सुकवणाऱ्या मजुराचे तास वेगळे मांडतो ते यासाठीच : ते मालाच्या किमतीत बसतात, गल्ल्यावरच्या मुलीचे बसत नाहीत.