सातत्यदोष (गुन्हेगारी मालिका)

सातत्यदोष म्हणजे चित्रपटातील वा दूरचित्रवाणी मालिकेतील एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या दृश्यांमध्ये वस्तू, वेशभूषा, प्रकाश किंवा वेळ यांचा मेळ नसणे. अर्धा रिकामा झालेला पेला पुढच्या दृश्यात भरलेला दिसणे, हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय. गुन्हेगारी मालिकांमध्ये पेला, घड्याळ, कपड्यावरील डाग हेच पुरावे असतात. त्यामुळे अशा मालिकेत चित्रीकरणातील चूक प्रेक्षकाला तपासाचा धागा वाटू शकते आणि रहस्याची मांडणी बिघडते.

कारणे

मालिकेतील दृश्ये कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. एका स्थळावरील सर्व दृश्ये एकत्र उरकली जातात. त्यामुळे पडद्यावर सलग दिसणाऱ्या दोन दृश्यांच्या चित्रीकरणात काही दिवसांचे अंतर पडू शकते. तपशिलांची नोंद ठेवण्याचे काम कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या साहाय्यकाकडे असते.

जुन्या मालिकांतील अनेक चुका प्रक्षेपणाच्या वेळी लक्षात येत नसत. चित्रनळीच्या संचावर चित्राच्या कडा काही प्रमाणात झाकल्या जात. कडेला आलेला माइक त्यामुळे घरी दिसत नसे. शिवाय बहुतेक प्रेक्षक भाग एकदाच पाहत. तेच भाग संगणकावर पूर्ण चौकटीत आणि थांबवून पाहताना चुका उघड होतात.

मराठी व हिंदी मालिका

बी. पी. सिंह यांच्या 'एक शून्य शून्य' या मराठी पोलीस मालिकेत शिवाजी साटम यांनी भूमिका केली. पुढे सिंह यांच्याच 'सी.आय.डी.' (१९९८) या हिंदी मालिकेत ते एसीपी प्रद्युमन झाले. या मालिकेचा २००४ मधील 'द इनहेरिटन्स' हा भाग १११ मिनिटांच्या एकाच सलग शॉटमध्ये चित्रित झाला. अशा चित्रणात तुकडे जोडल्यामुळे होणारे सातत्यदोष संभवत नाहीत. मात्र एखाद्याची चूक झाल्यास ती कापून टाकताही येत नाही.

स्थळ व काळ यांची विसंगती

सातत्यदोषाशी निगडित चुका ओळखण्यास स्थानिक माहिती उपयोगी पडते. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांवरून हे स्पष्ट होते.

* समुद्र : डहाणूचा किनारा पश्चिमाभिमुख असल्याने तेथे सूर्य समुद्रात मावळतो. समुद्रातून सूर्योदय दाखवल्यास ती स्थळाची चूक ठरते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि ओहोटीच्या वेळी येथील उथळ किनाऱ्यावर पाणी बरेच मागे सरते. म्हणून एकाच संभाषणात पाण्याची रेषा बदलली, तर चित्रीकरण निरनिराळ्या वेळी झाल्याचे कळते.
* रेल्वे : मुंबईची उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत २०१३ मध्ये वाढवण्यात आली. १९९० च्या कथेत पात्र लोकलने डहाणूला उतरल्यास ती कालविसंगती होय.
* महामार्ग : तलासरीवरून जाणारा मुंबई–अहमदाबाद महामार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ८ होता, आता त्याचा क्रमांक ४८ आहे. जुन्या काळातील कथेत नवा क्रमांक दिसणे विसंगत ठरते.

आभासी दोष

प्रत्येक विसंगती चूक नसते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या मालिकेतील 'डहाणू, जिल्हा ठाणे' हा उल्लेख बरोबरच आहे. तसेच संशयिताची जबानी खोटी असल्याचे सुचवण्यासाठी पूर्वदृश्यातील तपशील मुद्दाम बदललेला असू शकतो. अशा बदलाचा खुलासा कथेत पुढे होतो. सातत्यदोषाचा होत नाही.