पेठेचा संघ

फुटबॉलच्या इतिहासावर जुन्नर-आंबेगावच्या श्रोत्यांपुढे बोलायचे, तर या विषयाचे इथे प्रयोजन काय, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्या मुलखातला माणूस मैदान म्हटले की कुस्तीचा आखाडा डोळ्यांपुढे आणतो, आणि त्याहूनही अधिक ओढीने बैलगाड्यांचा घाट. चेंडूला लाथ मारण्याच्या खेळाचे कौतुक त्याच्या तोंडी क्वचितच येते. तरीही आम्ही ज्याविषयी बोलणार आहोत ती गोष्ट या गावाला मुळीच परकी नाही. चार माणसांनी एकत्र येऊन काही उभे करावे, ते कोणा एकाच्या मालकीचे नसावे, आणि ती चार माणसे गेल्यावरही ते उभे राहावे, ही ती गोष्ट होय.

तिचा पुरावा जुन्नरच्या लेण्यांत कोरलेला आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख इथे आहे. कासारांच्या आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेखही येथल्या लेखांत सापडतात. दात्यांमध्ये यवनसुद्धा आहेत. इरिल नावाच्या यवनाने टाकी बांधून दिली, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. नाणेघाट चढून परका माणूस या बाजारपेठेत आला, आणि इथल्या रीतीने दान देऊन इथल्या भिंतीवर आपले नाव ठेवून गेला. ज्या खेळाची हकिकत सांगायची आहे तोही समुद्रापलीकडून असाच आला आणि एका मराठी शहरात इतका मुरला की त्याच्या अंगावरचा परकेपणा आता शोधूनही सापडत नाही. ते शहर कोल्हापूर.

हिंदुस्थानात फुटबॉल आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. १८८८ साली सिमल्यास ड्युरँड चषकाचे सामने सुरू झाले, १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषकाचे. १९११ च्या जुलैत कलकत्त्याच्या मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. त्या संघातले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. बंगाल्यांच्या राष्ट्राभिमानाला त्या दिवशी जे भरते आले त्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत, ती इथे नकोत. आम्हांला कुतूहल आहे ते निराळेच. मुंबईला आणि पुण्याला छावण्या होत्या, मैदाने होती, गोरे संघ डोळ्यांपुढे खेळत होते. तरी महाराष्ट्रात गल्लीगल्लीचा खेळ म्हणून फुटबॉल रुजला तो पंचगंगेच्या काठी. असे का व्हावे?

याचे उत्तर, आमच्या मते, तालमीत आहे. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. त्यांचे मल्लविद्येचे प्रेम सर्वश्रुत आहे. १९०२ साली विलायतेच्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि पुढे खासबागेचे कुस्तीमैदान उभे राहिले. परंतु खासबाग हे शिखर झाले. पाया होता पेठेपेठेतल्या तालमींचा. तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा हौद नव्हे. सकाळी जोर-बैठका झाल्या की दिवसभर तिथे पेठेचे वर्तमान बोलले जाई, भांडणे मिटत आणि क्वचित सुरूही होत. गणपती तिथेच बसे. बाबूजमाल तालमीसारख्या ठिकाणी गणपती आणि मोहरमचे पंजे दोन्ही आहेत, आणि दोन्ही सण एका सुमारास आले की दोघांची प्रतिष्ठापना शेजारी शेजारी होते. वर्गणी गोळा करण्याची, माणसे जमवण्याची आणि हिशेब चारचौघांत मांडण्याची सवय तालमीला आधीपासून होती. फुटबॉलला नेमकी हीच सवय लागते. चेंडू एक, खेळणारे अकरा आणि खर्च सगळ्यांचा. कुस्तीत पेठेचा एक पहिलवान लढतो. फुटबॉलात पेठच मैदानात उतरते.

म्हणून कोल्हापुरातल्या संघांची नावे पाहा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. प्रॅक्टिस क्लबसारखे इंग्रजी वळणाचे नाव या यादीत पाहुणे वाटते. थापलिंगच्या खंडोबाला जाणाऱ्या आपल्या आंबेगावकरांना त्याच देवाच्या नावाचा संघ गोल करतो हे ऐकून गंमत वाटेल. कोल्हापुरात ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची चुरस तर अशी की सामन्याच्या दिवशी दोन्ही पेठांत दुसरा विषय निघत नाही.

१९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन स्थापन झाली. राजाराम महाराजांच्या आयुष्याचे ते अखेरचे वर्ष. दरबाराची कृपादृष्टी होती आणि छत्रपती घराण्याचा या संस्थेशी असलेला संबंध पुढेही टिकला, हे खरे. पण १९४९ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झाले, आणि तिथे या दोन खेळांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पहिलवानाला खुराक लागतो, खुराकाला आश्रयदाता लागतो. राजाश्रय आटला तशी मोठ्या पहिलवानांना सरकारकडे, साखर कारखान्यांकडे पाहण्याची वेळ आली. फुटबॉलचे तसे झाले नाही. त्याचा आश्रयदाता राजवाड्यात नव्हता, पेठेत होता, आणि पेठ कोणत्याही संस्थानात विलीन होणार नव्हती.

असोसिएशनच्या साखळीत वरच्या गटाखाली खालचे गट आहेत. शाहू स्टेडियमवर हजारो लोक जमतात ते वरच्या गटातल्या मोठ्या संघांसाठी. इतिहास लिहिणारेही तिथेच थांबतात. आम्हांला खालच्या गटातल्या मंडळांचे अधिक अगत्य वाटते. त्यांना तिकिटाचे उत्पन्न नाही, वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या तर नशीब. बढती मिळाली तर पेठेत गुलाल, न मिळाली तर पुढच्या हंगामाची वर्गणी. पाऊस संपून मैदान वाळल्यावर हंगाम सुरू होतो, आणि उन्हाळा सरेपर्यंत चालतो. एवढ्यासाठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या खपत राहतात. त्यांना यातून काय मिळते, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. आपल्याकडे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या काळात ज्यांनी घाटाचे बैल दावणीला पोसले त्यांना विचारा, ते सांगू शकतील.

या प्रेमाला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पेठेचा संघ हरला की पेठेचा अपमान होतो, अशी समजूत एकदा झाली की दगड उचलायला वेळ लागत नाही. कोल्हापुरात सामने हाणामारीत संपले आहेत, बंदोबस्तासाठी पोलिसांची पलटण उभी करावी लागली आहे. ज्या एकजुटीची आम्ही स्तुती केली तिचाच हा वारसा आहे.

अलीकडच्या काळात मात्र दगडांहून मोठा प्रश्न पैशाने उभा केला. चषकांची बक्षिसे वाढली, पुरस्कर्ते आले, आणि जिंकण्यासाठी मोठ्या मंडळांनी बाहेरगावचे, पुढे आफ्रिकेतलेही खेळाडू आणले. खेळाचा दर्जा त्याने वाढला, हे मान्य करू. कोल्हापूरच्या प्रेक्षकांनी या पाहुण्यांवर प्रेमही केले. पण अकरांतल्या दोन-तीन जागा पाहुण्यांच्या झाल्या, तेव्हा तेवढीच पेठेतली पोरे बाकावर बसली. तालमीचे नाव तेच, गुलाल तोच. मैदानात उतरलेला मात्र पेठेचा राहिलाच असे नाही.

पैसा आला की संघाचे काय होते, याचा एक धडा स्पेनमध्ये पाहायला मिळतो. स्पेनच्या नैर्ऋत्य टोकाला वेल्व्हा हे बंदर आहे. कोलंबस १४९२ साली ज्या पालोसहून निघाला ते याच परिसरात. १८७३ साली तिथल्या रिओ तिंतोच्या तांब्याच्या खाणी ब्रिटिश भांडवलदारांनी विकत घेतल्या. खाणीबरोबर इंग्रज-स्कॉच अंमलदार आले, आणि १८८९ च्या डिसेंबरात त्यांनी एक क्रीडामंडळ काढले. कंपनीचे स्कॉच डॉक्टर मॅके त्याच्या आरंभकर्त्यांत होते. आज रेक्रेआतिवो या नावाने ओळखला जाणारा हा संघ स्पेनमधला सर्वांत जुना मानला जातो. मान ज्येष्ठाचा, मुक्काम मात्र बहुतेक काळ खालच्या पायऱ्यांवर. सर्वांत वरच्या श्रेणीत तो पहिल्यांदा पोहोचला १९७८ साली, म्हणजे नव्वदीच्या घरात आल्यावर! २००३ साली राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यात मायोर्काकडून हरला. २००६ च्या डिसेंबरात मात्र त्याने माद्रिदला जाऊन बलाढ्य रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर तीन-शून्याने हरवले. वेल्व्हात त्या रात्री कोणी झोपले असेल असे आम्हांला वाटत नाही.

पुढे कर्ज वाढले. एव्हाना हा संघ भागभांडवलाची कंपनी झाला होता, आणि भाग ज्याच्या हाती संघ त्याचा. संघ बुडणार अशी वेळ आली तेव्हा २०१६ च्या जूनमध्ये वेल्व्हाच्या नगरपालिकेने ते भाग मालकाकडून सक्तीने ताब्यात घेतले. रस्ते-पाणी पाहणाऱ्या नगरपालिकेला फुटबॉल संघ वाचवावा लागला! २०२१ साली घसरत घसरत तो पाचव्या पायरीपर्यंत गेला, तरी मोडला नाही. २०२३ साली तिसरीवर परत चढला.

कोल्हापूरच्या तालमीला भाग नाहीत, म्हणून ते कोणी विकत घेऊ शकत नाही, आणि कोणाला सक्तीने काढूनही घ्यावे लागत नाहीत. हे तिचे बळ. पण तिचे भांडवल पेठेतली पोरे आहेत, आणि ते बाकावर बसून आटते. ते भांडवल किती मोलाचे आहे याचा प्रत्यय २०१७ साली आला. सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा त्या वर्षी भारतात झाली, आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याने शिक्षण घेतले हे खरे, पण चेंडूची पहिली ओढ लागली ती कोल्हापूरच्या हवेतच.

शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साचते. ते ओसरून जमीन पायाखाली घट्ट लागू लागली की पोरे उतरतात. त्यांतल्या बहुतेकांना शाहू स्टेडियमच्या हिरवळीवर पाऊल ठेवायला मिळणार नाही, हे त्यांना आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. खालच्या गटातल्या मंडळांची वर्गणी गोळा होते ती त्यांच्यासाठी.