विमानाची कल्हई

माणसाला उघडं व्हायचं तर कपडे उतरवावे लागतात. कॉम्प्युटरमधल्या विमानाचं उलटं आहे. ते उघडं दिसावं म्हणून त्याच्यावर थरांवर थर चढवावे लागतात. आमचे भाचेराव सध्या याच उद्योगात आहेत. फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे घरबसल्या विमान चालवायचा खेळ. त्यात विमानाच्या अंगावर गुंडाळलेलं चित्र हे स्वतः रंगवतात. आणि विमान निवडलंय कुठलं? तर बिनरंगाचं!

"अरे, रंगच नाही तर रंगवतोस काय?"

"तेच तर अवघड आहे, मामा!"

या बिनरंगीपणाला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं आधी शेवाळी रंग लावून जात. १९४४ च्या सुरुवातीपासून ती कारखान्यातून उघड्या अॅल्युमिनियमनिशीच बाहेर पडू लागली. वजन वाचलं, वेळ वाचला. आणि आभाळात वरचष्मा मिळत चालल्यावर लपायचं तरी कुणापासून?

आमच्या गल्लीतला कल्हईवाला नवसागर टाकून चिंधी फिरवायचा, की पातेलं चांदीसारखं! कॉम्प्युटरवर तशी चिंधी नाही. कारण चंदेरी हा रंगच नव्हे. फळीवरचं पातेलं नीट पाहा: वर खिडकीचा उजेड, खाली ओट्याची सावली, स्वतःचं असं फारसं काही नाही. म्हणून पूर्वीचे हौशी रंगारी विमानाच्या पाठीवर आभाळ आणि पोटावर जमीन रंगवून टाकत. विमान उलटं झालं, की आभाळ खाली! २००३ साली आलेल्या 'फ्लाइट सिम्युलेटर २००४' मध्ये चित्रामागे एक काळा-पांढरा थर असे; जिथे काळं, तिथे चकाकी. २०२० च्या खेळात तर खरखरीतपणा हिरव्यात आणि धातूपणा निळ्यात भरायचा. उजेडाचं काय ते मशीन बघून घेतं.

एवढं करूनही फसगत ठरलेली. मस्टँग या लढाऊ विमानाचं अंग उघडं, पण पंखांवरच्या सांध्यांत लुकण भरून वर चंदेरी रंग दिलेला असे. तेव्हा भाचेराव अंग रंगवतात ते न रंगवल्यासारखं, आणि पंख रंगवतात ते रंगवल्यासारखे. आमच्या बहिणीला दोन्ही सारखेच दिसतात, हा भाग वेगळा.

मग आला चिखल, तेलाचे ओघळ, धुराचे पट्टे. "एवढं चकचकीत केलंस, आता मळवतोस कशाला?" मी विचारलं.

एकूण १२,७३१ बी-१७ बांधली गेली. युद्ध संपल्यावर अॅरिझोनातल्या किंगमनसारख्या ठिकाणी अशी विमानं रांगेने उभी करून वितळवली. ज्यांनी माणसांना घरी आणलं, त्यांचं मोडीच्या भावाने अॅल्युमिनियम झालं. आज उडणारी बोटांवर मोजावीत इतकीच.

भाचा पंखाच्या मुळाशी एक जागा हळूहळू निस्तेज करत होता. म्हणाला, "इथे रोज कुणीतरी पाय ठेवून चढायचं, मामा."