अकरा महिन्यांचा कागद

भाड्याचा करार अकराच महिन्यांचा का, असे विचारले की एजंट म्हणतो, "पद्धत आहे." ही पद्धत 1908 च्या नोंदणी कायद्यातून आली. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे होते. अकरा महिने लिहिले की ते टळे.

1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला काढणे अवघड झाले. मग मालकांनी 'भाडेकरू' हा शब्दच गाळला. राहणारा झाला 'लायसन्सी', म्हणजे नुसता परवानाधारक. सरकारने तीही वाट अडवली: 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू करारावर राहणारे परवानाधारक भाडेकरू ठरले.

महाराष्ट्राचा आजचा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याच्या कलम 55 नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मात्र मुदत संपूनही लायसन्सी हलला नाही, तर कलम 24 प्रमाणे दुप्पट रक्कम भरावी लागते.

1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून कितीतरी मुस्लिम कुटुंबे मीरा रोडला आली. नाव ऐकून दार बंद होण्याची सवय असलेला माणूस घर मिळताच न वाचता सही करतो. चौक-उत्तनपासून नयानगरपर्यंत हेच. पालक करारनामा वाचून घ्यायला आणतात, तेव्हा मी आधी अनामत परत करण्याची मुदत शोधतो, मग दोघांना नोटिशीचा काळ सारखा आहे का ते पाहतो. छापील नमुन्यात पहिली गोष्ट बहुधा नसतेच. ती पेनाने नव्हे, नोंदणीपूर्वी मसुद्यातच घालून घ्यावी.