कोंकणच्या किनाऱ्यावर समुद्र हटला कीं चढला?

कोंकणांतील कोणतेंहि कुलवृत्त, क्षेत्रमाहात्म्य किंवा गांवाची जुनी हकीकत हातीं घेतली तर तिचा आरंभ बहुधा परशुरामापासून होतो. भार्गवरामानें जिंकलेली पृथ्वी दान केली, स्वतःस राहावयास भूमि उरली नाहीं, म्हणून सह्याद्रीवरून बाण सोडून समुद्र मागें हटविला, ही कथा सर्वश्रुत आहे. अलीकडे तिच्या पाठोपाठ आणखी एक विधान जोडलें जातें. कोंकण समुद्रांतून वर आलें हें आतां भूगर्भशास्त्रानेंहि मान्य केलें आहे, असें तें विधान. तें इतक्या प्रस्तावनांतून येऊं लागलें आहे कीं, त्याचा आधार कोणी विचारीत नाहीं. तो आधार तपासणें व त्या ओघांत आपल्या संग्रहांतील कांहीं उपेक्षित कागदांकडे वाचकांचें लक्ष वेधणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ग्रंथांचा पुरावा घेऊं. स्कंदपुराणांतर्गत म्हणून मानलें जाणारें सह्याद्रिखंड डॉ. जे. गर्सन द कुन्हा यांनीं हस्तलिखितें मिळवून १८७७ सालीं मुंबईस प्रसिद्ध केलें. त्यांत निरनिराळ्या काळचे भाग एकत्र आले आहेत व पाठभेद विपुल आहेत, हें ज्यांनीं त्याच्या पोथ्या हाताळल्या आहेत त्यांस सांगावयास नको. परंतु समुद्र हटविल्याची कल्पना या ग्रंथाहून स्वतंत्रपणें जुनी आहे. कालिदासानें रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत अपरान्ताच्या स्वारीचें वर्णन करतांना, रामाच्या अस्त्रानें दूर सारलेला समुद्र रघूच्या सेनेमुळें पुनः सह्याद्रीस येऊन भिडल्यासारखा दिसला, अशी उत्प्रेक्षा केली आहे. कालिदासाचा काळ सामान्यतः इ. स. चें चौथें-पांचवें शतक धरतात. म्हणजे ही समजूत निदान दीड हजार वर्षांची आहे. एवढें मात्र लक्षांत ठेवावें कीं, यावरून समजुतीचें वय सिद्ध होतें. घटना घडली किंवा नाहीं, आणि घडली तर केव्हां, याविषयीं हे ग्रंथ साक्ष देऊं शकत नाहींत.

आतां दुसरा साक्षीदार म्हणजे समुद्राचा तळ. कोंकणचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणाचा आहे तो सुमारे साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाच्या थरांनीं बनला. हे थर जमिनीवर सांचले. समुद्राच्या तळाशीं बनून मागाहून वर आले असें नाहीं. तेव्हां कोंकणची भूमि समुद्रांतून निघाली हें विधान मूळ खडकासंबंधीं खरें ठरत नाहीं. राहिला प्रश्न किनाऱ्याच्या रेषेचा. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीं पृथ्वीवरील फार मोठा जलसंचय हिमाच्या रूपानें गोठलेला होता व समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खालीं होती. मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ सुमारे ३०० कि. मी. रुंद आहे. त्याचा बहुतेक भाग त्या काळीं उघडी जमीन होता.

याचा पुरावा केवळ अनुमानाचा नाहीं. १९६६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोमंतकांत आहे. तेथील आर. आर. नायर व त्यांचे सहकारी यांनीं पश्चिम किनाऱ्यासमोरच्या तळाचे नमुने काढून तपासले. मुंबईसमोर ज्या भागास दर्यावर्दी नकाशांत ‘पन्नास वांव सपाटी’ या अर्थाचें इंग्रजी नांव आहे (एक वांव म्हणजे सहा फूट), तेथें व त्याच्या आसपास त्यांस खसखशीच्या दाण्यासारख्या गोल चुनखडी कणांचे खडक मिळाले. असे कण लाटांनीं सतत ढवळल्या जाणाऱ्या, अगदीं उथळ व उबदार पाण्यांतच तयार होतात. ते आज ६० ते ९० मीटर खोलीवर सांपडतात, याचा अर्थ एके काळीं किनारा तेथें होता. कर्बमापनानें त्यांचें वय सुमारे दहा हजार वर्षांच्या आगेंमागें ठरलें आहे. पुढें हिम वितळलें, पाणी चढत गेलें व सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वीं तें आजच्या पातळीच्या जवळ येऊन ठेपलें. म्हणजे मोठ्या कालमानानें पाहतां या किनाऱ्यावर समुद्र हटलेला नाहीं, तो चढलेला आहे. कथेची दिशा व शास्त्राची दिशा येथें परस्परविरुद्ध आहेत.

प्रत्यक्ष जमिनीवरचा एक पुरावा मुंबईकरांच्या पायाखालींच निघाला. १८८० सालीं खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉक या गोदीचें खोदकाम चाललें असतां चिखलाच्या जाड थराखालीं एक आख्खें अरण्य सांपडलें. ऑर्मिस्टन नांवाच्या अभियंत्यानें त्याची हकीकत १८८१ सालीं भूगर्भ खात्याच्या नियतकालिकांत दिली. शेंकडों झाडांचे बुंधे तेथें होते. कांहीं आडवे पडलेले, पण पुष्कळसे जागच्या जागीं उभे व मुळें खालच्या मातींत रुतलेलीं. लांकूड बहुतांशीं खैराचें होतें. खैर हें कोरड्या जमिनीचें झाड आहे, तें खाऱ्या पाण्यांत वाढत नाहीं. आणि ही मुळें तर ओहोटीच्या रेषेच्याहि खालीं होतीं. त्या काळच्या विद्वानांनीं जमीन खचली असें म्हटलें. आज समुद्र चढल्याचें कारणहि त्याच्या जोडीस धरावें लागतें. पण वन होतें व तें बुडालें, याविषयीं दुमत नाहीं.

मग कोंकणांत समुद्र मागें गेल्याचीं चिन्हें मुळींच नाहींत काय? आहेत, व तीं टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. किनाऱ्यावर कित्येक ठिकाणीं वाळू व शंखशिंपले चुन्यानें सांधून झालेला दगड आढळतो. त्यास आपल्याकडे करळ म्हणतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून श्रीमती स्टॅटिरा गझदर यांनीं कोंकणच्या या थरांचा व अश्मयुगीन अवशेषांचा अभ्यास करून १९८० सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. करळ कांहीं स्थळीं आजच्या भरतीच्या रेषेहून थोडा वर आहे. कांहीं अभ्यासक म्हणतात, पांच-सहा हजार वर्षांपूर्वीं समुद्राची पातळी किंचित् अधिक होती व मग ती उतरली. दुसरे म्हणतात, जमीन त्या त्या ठिकाणीं उचलली गेली. वाद मिटलेला नाहीं. परंतु दोन्ही पक्षांच्या मतें हा फरक फार तर कांहीं मीटरांचा आहे. सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्र हटण्याची कथा त्यावर उभी राहूं शकत नाहीं.

याहून निराळी तिसरी क्रिया म्हणजे गाळ. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या आंखूड व वेगवान्. पावसाळ्यांत त्या लाल माती घेऊन खाडींत येतात व भरतीचें पाणी ती तेथेंच अडवून ठेवतें. शूर्पारक म्हणजे सोपारें हें प्राचीन काळचें नामांकित बंदर. पं. भगवानलाल इंद्रजी यांस तेथें १८८२ सालीं अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. आज मोठें गलबत लागण्याजोगी खाडी तेथें उरलेली नाहीं. येथें समुद्राची पातळी उतरलेली नाहीं. तळ भरून आला आहे. फळ तेंच, कारण वेगळें.

चौथी क्रिया मनुष्याची, व आपल्या दप्तरांशीं तिचाच निकट संबंध आहे. अलिबाग-पेण भागांतील खारेपाट हा बांध घालून समुद्रापासून मिळविलेला मुलूख होय. बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी पत्करून जे लोक खार लागवडीस आणीत त्यांस शिलोत्रदार म्हणत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत आंग्र्यांच्या अमलांत असे पुष्कळ बांध पडले. ओहोटीस आंतील पाणी बाहेर सोडावयाचें व भरतीस खारें पाणी आंत येऊं द्यावयाचें नाहीं, यासाठीं बांधास उघाडी ठेवीत. समुद्र खरोखर मागें हटविण्याचें काम या प्रांतांत कोणीं केलें असेल तर तें या शिलोत्रदारांनीं व त्यांच्या कुळांनीं केलें आहे, आणि त्याचे कौल व महजर उपलब्ध होऊं शकतात.

आंग्र्यांचें नांव निघालें म्हणून समुद्रतळावरील एका स्थळाचा उल्लेख करतों. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे १०० कि. मी. अंतरावर आंग्रिया बँक नांवाचें एक बुडीत पठार आहे. त्याच्या माथ्यावर पाणी सुमारे २० ते ३० मीटर असून भोंवतीं तें पुष्कळ खोल आहे. आंग्रे या नांवाचा इंग्रजी अपभ्रंश नकाशांत तसाच टिकून राहिला आहे. हें पठार प्रवाळांनीं व्यापलेलें असून सभोंवार मत्स्यांची वस्ती दाट आहे. प्रवाळास सूर्यप्रकाश लागतो. म्हणून खोल तळावर तो जगत नाहीं व उथळ माथ्यावर नांदतो. किनाऱ्याजवळ मालवण येथें सिंधुदुर्गाच्या भोंवतालच्या खडकांतहि प्रवाळ आहे; तो परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून राखलेला आहे. दुर्ग व समुद्रतळ हीं दोन्ही एकाच संरक्षणाखालीं आलेलीं आहेत ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

सिंधुदुर्गाची गोष्ट पाण्यावांचून पुरी होत नाहीं. १६६४ सालीं छत्रपति शिवाजी महाराजांनीं कुरटे बेटावर या किल्ल्याचें काम आरंभिलें. चहूंकडे खारें पाणी असतां आंत दूधविहीर, दहीविहीर व साखरविहीर या तीन विहिरींस गोडें पाणी आहे. यास कोणी चमत्कार म्हणतात. याचें तत्त्व ‘घायबेन-हर्झबर्ग’ या नांवानें प्रसिद्ध आहे. एकानें तें १८८८-८९ च्या सुमारास व दुसऱ्यानें १९०१ सालीं मांडलें. गोडें पाणी खाऱ्याहून हलकें असल्यामुळें बेटांत मुरलेलें पावसाचें पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारानें तरंगतें. समुद्राच्या पातळीहून गोड्या पाण्याची उंची एक फूट असली तर त्याचा थर खालीं सुमारे चाळीस फूट जातो. कठीण खडकांत पाणी केवळ भेगांतून राहतें, म्हणून हा हिशेब तेथें स्थूलमानानेंच घ्यावा. याचा उलट अर्थहि तितकाच खरा आहे : वरचें पाणी एक फूट उपसून खालावलें कीं, खालचें खारें पाणी चाळीस फूट वर येऊं पाहतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें असा दंडक घातला आहे तो यामुळें अधिकच अर्थपूर्ण वाटतो. वर्षास २५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडूनहि कोंकणांतील गांवें वैशाखांत पाण्यास मोताद होतात, आणि पंपांचा उपसा वाढल्यावर किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. कोणती विहीर पूर्वीं गोडी होती हें सांगणारे जुने कागद म्हणूनच आज केवळ कुतूहलाचे राहिलेले नाहींत.

एवढ्या विवेचनावरून, समुद्र हटला हे दोन शब्द चार भिन्न घटनांस लावले जातात असें दिसून येईल. पातळीचा चढउतार, जमिनीची हालचाल, गाळाची भर व मनुष्यानें घातलेला बांध. पहिलीचें मान सहस्रकांचें, शेवटच्या दोहोंचें शतकांचें व पिढ्यांचें. कोणत्या घटनेविषयीं बोलत आहों हें ठरविल्यावांचून पुराणास शास्त्राची किंवा शास्त्रास पुराणाची साक्ष काढणें व्यर्थ आहे. समुद्रतळावर दिसणाऱ्या सरळ दगडी रांगांविषयींहि हीच सावधगिरी पाहिजे. काळ्या पाषाणांत लाव्हारसाच्या उभ्या शिरा असतात व त्या चौकोनी तुकड्यांनीं फुटून रचलेल्या भिंतीसारख्या दिसतात. चुना, घडाईची खूण किंवा पायाचा खड्डा आढळल्यावांचून तीस भिंत म्हणूं नये.

आतां संग्राहकांस एक विनंति. कर्बमापनानें काढलेल्या काळांत दशकांची, कधीं शतकांची अनिश्चितता राहतेच. शिंपल्यांच्या बाबतींत तर समुद्राच्या पाण्यांतील जुन्या कर्बामुळें वय सुमारे ४०० वर्षें अधिक भासतें व तें वजा करावें लागतें. गेल्या तीनचारशें वर्षांतील किनाऱ्याचे फेरफार या मापानें नीट मोजतां येत नाहींत. तेथें शास्त्रज्ञास आपल्या कागदांची गरज आहे. इनामपत्रांत व खरेदीखतांत चतुःसीमा दिलेली असते. पश्चिमेस खाडी, दक्षिणेस खाराचा बांध, उत्तरेस गोडी विहीर, असा उल्लेख मिति व शुहूर सनासह मिळाला, कीं त्या दिवशींची किनाऱ्याची रेषा आपल्या हातीं आली. राजकारणाचीं पत्रें जपावयाचीं व बांधबंदिस्तीचे, विहिरींच्या तंट्याचे कागद किरकोळ म्हणून रद्दींत टाकावयाचे, ही आपली जुनी खोड आहे. वाळवी मात्र असा भेद करीत नाहीं. ज्यांच्या घरीं अशीं दप्तरें असतील त्यांनीं निदान चतुःसीमेचा मजकूर, मिति व गांवाचें नांव उतरून ठेवावें आणि आज तेथें काय आहे हें जागेवर जाऊन पाहून शेजारीं लिहावें. असे शंभर उतारे एकत्र झाले तर कोंकणच्या किनाऱ्याचा गेल्या तीन शतकांचा नकाशा काढतां येईल, आणि समुद्र कोठें हटला व कोठें चढला या प्रश्नाचें उत्तर गांवोगांवचें मिळेल.