दिवेलागणीनंतरचं पोलीस ठाणं

कोलाडसारख्या हायवेवरच्या गावात पोलीस ठाण्याची पायरी कधी ना कधी चढावी लागतेच. कधी अपघात, कधी बांधावरून भांडण, कधी घरातून निघून गेलेली मुलगी. आज मी एकाच नियमाचा इतिहास सांगणार आहे. अपवाद सोडला तर बाईला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही, आणि जबाबासाठी ठाण्यात यायची तिच्यावर सक्ती करता येत नाही. हा नियम कसा आला, हे पाहायचं तर महाराष्ट्रातल्या तीन गावांत जावं लागतं.

पण आधी थोडं मागे जाऊ. १८७२ चा पुरावा कायदा इंग्रजांनी केला. त्यात त्यांनी लिहून ठेवलं की पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. बघा, पोलीस खातं त्यांचंच, आणि कायदाही त्यांचाच! चार भिंतींच्या आत माणूस काय कबूल करतो आणि का करतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. झडतीला गावातले पंच लागतात, पंचनामा होतो, त्यामागेही हाच अविश्वास आहे. कबुलीबद्दल सरकारनं सावधगिरी घेतली. ठाण्यात बसवून ठेवलेल्या बाईचं काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

पहिलं गाव देसाईगंज. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आता गडचिरोलीत. २६ मार्च १९७२ ची रात्र. एका आदिवासी मजूर मुलीच्या भावानं तिला पळवून नेल्याची तक्रार दिली म्हणून सगळ्यांना जबाबासाठी ठाण्यात आणलं होतं. रात्री साडेदहाच्या सुमारास बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, मुलीला आत थांबवलं. दोन कॉन्स्टेबलांवर बलात्काराचा खटला झाला. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, १९७६ मध्ये नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे प्रतिकार झाला नाही, असा तो तर्क होता.

सप्टेंबर १९७९ मध्ये चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर. त्यातली दोन नावं आपली मराठी आहेत, हे मुद्दाम सांगतो. त्यांचा एक मुद्दा आपल्या विषयाचा होता. त्याच वर्षी, म्हणजे १९७८ मध्येच, ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्यावर ताशेरे ओढले होते. मग मजूर मुलीला रात्री ठाण्यात ठेवलं, त्याबद्दल न्यायालयानं एक शब्दही का काढू नये? मुख्यमंत्रीबाईंना एक न्याय आणि मजूर मुलीला दुसरा?

या पत्रानंतर देशभर मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या बाईवरचा बलात्कार हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा ठरला. पीडितेची ओळख उघड करणंही गुन्हा झाला. मी त्या मुलीचं नाव घेत नाही, ते यासाठीच.

दुसरं ठिकाण मुंबई. पत्रकार शीला बरसे यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी कोठडीत पोलिसांनी मारहाण केल्याचं सांगितलं. बरसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयानं तीच याचिका मानली. फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी अगदी व्यवहारी आदेश दिले. बऱ्या वस्तीतल्या चार-पाच कोठड्या फक्त बायकांसाठी ठेवा, पहाऱ्याला महिला शिपाई नेमा, बाईची चौकशी महिला पोलिसांच्या समोरच करा. अटक झाली की लगेच कायदेविषयक मदत समितीला कळवा. आणि न्यायाधीशानं अधूनमधून न सांगता कोठडीत जाऊन पाहावं.

तिसरं गाव नागपूर. १९९३ मध्ये तिथं कोठडीत एक माणूस मेला. त्याच्यासोबत पत्नीलाही ताब्यात घेतलं होतं. हे प्रकरण पुढे आल्यावर उच्च न्यायालयानं सांगितलं की महिला शिपाई हजर नसताना आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत बाईला अटक करायचीच नाही. राज्य सरकार वर गेलं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा आदेश सैल केला: कारण नोंदवा आणि अटक करा. पण संसदेनं पुढे कायद्यात घातलं ते यापेक्षा कडक होतं. २००६ पासून, अपवादात्मक परिस्थितीत रात्री अटक करायची तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. आज हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३ व्या कलमात आहे.

नियम आला म्हणून पाळला जातोच असं नाही. २०१८ मध्ये नीरव मोदी प्रकरणात सीबीआयनं एका महिलेला रात्री आठच्या सुमारास अटक केली. मुंबई उच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवली आणि सीबीआयला पन्नास हजार रुपये भरायला लावले. त्या बाईला वकील मिळाला, म्हणून हे झालं. कातकरी वाडीवरच्या बाईला तो त्या रात्री मिळेल का?

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. घरातल्या बाईला जबाबासाठी बोलावलं तर नम्रपणे सांगा, ‘साहेब, जबाब घरी येऊन घ्या.’ पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठीच्या पुढचा पुरुष, अपंग किंवा फार आजारी माणूस यांनाही १७९ व्या कलमात हीच सवलत आहे. मात्र नव्या संहितेत एक वाक्य जास्तीचं आहे: ती व्यक्ती स्वखुशीनं ठाण्यात यायला तयार असेल तर येऊ शकते. दारात जीप उभी असताना ‘स्वखुशी’ म्हणजे काय, हा पुढच्या खटल्यांचा विषय असेल.

दुसरं, अंधार पडल्यावर बाईला अटक करायला कुणी आलं तर विचारा, ‘महिला अधिकारी कुठे आहेत? दंडाधिकाऱ्यांची परवानगी दाखवा.’ रोह्याचं कोर्ट इथून फार लांब नाही.

प्रश्न असतील तर आता घेऊ.