सर्वाधिक मोलाचा खेळाडू, बेसबॉलमधील : निवडीचा वाद

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग यांतील प्रत्येकी एका खेळाडूला दरवर्षी मिळणारा पुरस्कार. ‘एमव्हीपी’ या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. १९३१ पासून विजेता ठरवण्याचे काम बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिका ही पत्रकारांची संघटना करते. प्रत्येक संघामागे दोन, याप्रमाणे हल्ली एकेका लीगसाठी ३० पत्रकार मत देतात. मतदार दहा नावे क्रमाने लिहितो. पहिल्या नावाला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८ आणि असे उतरत दहाव्याला १. मते बाद फेरीपूर्वीच द्यायची असल्याने अजिंक्यपदाच्या लढतींतला पराक्रम येथे जमेस धरला जात नाही.

वादाचे मूळ नियमातच आहे. ‘मोलाचा’ म्हणजे नेमका कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे, असे मतदारांना लेखी कळवले जाते. सोबत दिलेले निकषही सैलच आहेत : संघाला झालेला प्रत्यक्ष उपयोग, खेळलेले सामने, स्वभाव, निष्ठा आणि मेहनत. विजेता अव्वल संघातलाच हवा असे नाही आणि पिचरही पात्र आहे, एवढे मात्र स्पष्ट सांगितलेले असते.

१९३१ आधीचे नियम काटेकोर होते, पण त्यांनी भलतेच घोटाळे केले. अमेरिकन लीगच्या १९२२–२८ मधील पुरस्कारात एकदा जिंकलेल्याला पुन्हा संधी नसे. त्यामुळे १९२७ साली ६० होमरन मारूनही बेब रूथचा विचारच झाला नाही आणि मान त्याचा संघसोबती लू गेरिग याला मिळाला.

टेड विल्यम्सचे उदाहरण सर्वांत गाजलेले. १९४१ साली त्याची सरासरी ०.४०६ होती, तर सलग ५६ सामन्यांत हिट मिळवणारा जो डिमॅजिओ विजेता ठरला. १९४७ साली विल्यम्सने सरासरी, होमरन आणि मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत पहिला येऊन तिहेरी किताब मिळवला. तरीही डिमॅजिओ २०२ विरुद्ध २०१ अशा एका गुणाने जिंकला. डिमॅजिओचा यांकी संघ लीग जिंकला होता, हे त्याच्या पथ्यावर पडले.

१९९९ चा निकाल त्याहून बोचरा म्हणावा लागेल. बोस्टनचा पिचर पेद्रो मार्टिनेझ याने २३ सामने जिंकले, ४ हरले आणि ३१३ फलंदाज स्ट्राइकवर बाद केले. पहिल्या क्रमांकाची सर्वाधिक, म्हणजे ८ मते त्यालाच पडली. पण दोन मतदारांनी दहा नावांत त्याला कोठेही जागा दिली नाही. परिणामी टेक्ससचा कॅचर इव्हान रॉड्रिगेझ २५२ विरुद्ध २३९ गुणांनी जिंकला. पिचरसाठी १९५६ पासून साय यंग पुरस्कार आहे, या सबबीवर पिचरला वगळणारे मतदार असतात. नियमाला ती सबब मान्य नाही.

२०१२ साली वाद आकडेवारीवर आला. डेट्रॉइटच्या मिगेल काब्रेराने १९६७ नंतरचा पहिला तिहेरी किताब मिळवला. एंजल्स संघाचा नवखा माइक ट्राउट क्षेत्ररक्षणात आणि धावण्यात सरस होता. त्याची बाजू ‘वॉर’ या मापावर मांडली गेली. किमान वेतनात सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा एखाद्याने संघाला किती जादा विजय दिले, याचा तो अंदाज. त्यात ट्राउट बराच पुढे होता. तरी २८ पैकी २२ मतदारांनी काब्रेराला पहिले स्थान दिले. त्याचा संघ बाद फेरीत पोहोचला, हे कारण पुढे केले गेले. गंमत अशी, की डेट्रॉइटने ८८ सामने जिंकले होते आणि एंजल्सने ८९. केवळ गट वेगळा म्हणून कमी विजयांचा संघ पुढे गेला. संघाच्या क्रमांकावरून खेळाडूचे मोल ठरवणे किती तकलादू आहे, हे यावरून दिसते. ‘वॉर’ही अंतिम शब्द नव्हे : बेसबॉल-रेफरन्स आणि फॅनग्राफ्स या संकेतस्थळांची गणिते वेगळी असल्याने त्यांचे आकडे जुळत नाहीत.

२०१६ साली एंजल्स ८८ सामने हरूनही ट्राउट विजेता ठरला. पिचिंग आणि फलंदाजी दोन्ही करणारा शोहेई ओहतानी २०२१ आणि २०२३ मध्ये एकमताने निवडला गेला. २०२४ साली दुखापतीमुळे त्याने पिचिंग केले नाही, तरीही फक्त फलंदाजी करून तो नॅशनल लीगचा एकमताने विजेता झाला.

२०२२ च्या वेतनकराराने या मतांना रोकड किंमत आली. त्यात तरुण खेळाडूंसाठी दरवर्षी ५ कोटी डॉलरचा बोनस निधी आहे. पात्र खेळाडू एमव्हीपी ठरल्यास त्याला त्यातून २५ लाख डॉलर मिळतात. ज्यांच्या बातम्या द्यायच्या त्यांचीच कमाई पत्रकारांनी ठरवू नये, हा आक्षेप त्यामुळे अधिकच रास्त ठरतो. न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट या दैनिकांनी आपल्या वार्ताहरांना अशा मतदानास पूर्वीपासूनच मनाई केली होती.